पेरूची ओली फांदी

मोटार दुपारी येणार होती आणि पेरूची फांदी अजून ओलीच होती.

इस्त्रीवाल्या काकूंनी पुन्हा कॅनव्हासला बोट लावून पाहिलं. चित्रातली माती वाळली होती, कुंपण वाळलं होतं, कोपऱ्यातलं बाकसुद्धा. फांदी तेवढी बोटाला चिकटत होती.

घरामागची बाग काकू आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, दोघींची. नवरे गेल्यावर थोरलीनं ती लावली, धाकटीनं पाणी घातलं, भांडणं दोघींनी केली. मागच्या उन्हाळ्यात काकूंनी कपड्यांची दोरी बांधायला पेरूची आडवी फांदी तोडली. त्याच फांदीखाली जाऊबाई भाजी निवडत बसायच्या. तेव्हापासून चूल एक, पण तोंडं दोन दिशांना. "भाजी झाकलीय," हेसुद्धा भिंतीला सांगायचं. आता जाऊबाई कायमच्या लेकाकडे निघाल्या होत्या.

'चुकलं' हा शब्द काकूंच्या जिभेवर येईना. म्हणून त्या वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या मास्तरांकडे जाऊ लागल्या. मास्तरांनी बजावलं होतं, "आधी टर्पेंटाइननं पातळ केलेल्या रंगाचा थर. तो वाळला की तेलाचा. तैलरंग आपल्या मर्जीनं वाळतो, बाई." काकूंनी सगळी बाग तशीच रंगवली. फांदीचा फक्त पातळ थर दिला; पुढे हात धजेना. काल एकदाचं धाडस केलं आणि ती उठून दिसावी म्हणून जवसाचं तेल सढळ ओतलं.

ओलं ते वाळवण्यात गल्लीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी इस्त्री तापवली आणि फांदीच्या जरा वर धरली. रंग चकाकला. मग दुधावर साय धरावी तशी त्यावर साल धरली आणि साल आक्रसली. उग्र वास जिन्यावर गेला.

"अहो, घर पेटवताय का?" मास्तर धावतच खाली आले. "ठेवा ती इस्त्री!"

"पण त्या निघाल्या हो!"

"वरून वाळलंय, आत ओलंच आहे. बघा, सुरकुत्या पडल्या."

"माझ्या इस्त्रीनं?" काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली.

मास्तरांनी त्यांच्या हातात सुरी दिली. "खरवडा. खालचा थर शाबूत आहे. तेल न घालता पुन्हा काढा."

"वाळणार कधी?"

"नाही वाळणार. ओलंच द्या."

बाहेर हॉर्न वाजला. काकूंनी खरवडलं, पुसलं, ब्रश उचलला. दुसरा हॉर्न. घाईत फांदी थोडी वाकडी आली. खरी तरी कुठे सरळ होती?

काकू चित्र घेऊन बाहेर आल्या तेव्हा जाऊबाई मोटारीत बसल्या होत्या. अंगात पांढरंशुभ्र, कॉलरचं, लांब बाह्यांचं पोलकं, काकूंनीच सकाळी कडक केलेलं.

"काकू, द्या ते मागे सामानावर," लेक म्हणाला.

"नको रे, ओलं आहे."

जाऊबाईंनी चित्राकडे बघितलं.

"ही फांदी नाहीये तिथं."

"होती."

"तू तोडलीस."

"हो. चुकलंच माझं, जाऊबाई."

लेकानं गाडी सुरू केली. जाऊबाईंनी हात पुढे केले. "आण इकडे."

"अहो, डाग पडेल! नुकतीच इस्त्री केलीय मी."

"कळलं. कॉलरला घडी राहिलीय," जाऊबाई म्हणाल्या आणि चित्र मांडीवर घेतलं.

गाडीनं हिसका दिला तशी जाऊबाईंनी चित्रावर हात आडवा टाकून ते घट्ट धरलं. पांढऱ्या बाहीवर फांदीचा तपकिरी पट्टा उमटला. काकू ओरडणार होत्या. पण जाऊबाईंनी डागाकडे एकदा पाहिलं आणि हात तिथंच ठेवला.