सालईच्या तेलाचं बूच

शाळेतून विज्ञानाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर जळगाव जामोदच्या घरी मी छोटी प्रयोगशाळा मांडली. सालईच्या झाडाच्या डिंकातून तेल काढताना फ्लास्कचं रबरी बूच फुगलं आणि त्यातली काचेची नळी अडकली. ती काढायला मी जोर लावला, तशी नळी फुटून तळहातात घुसली.

नवं बूच शोधत नांदुऱ्याला पंपाचे रबरी वायसर विकणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी जुनं बूच हुंगलं, अंगठ्यानं दाबलं, मग माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं.

“बाटलीत काय भरता, बाई?”

“तेल.”

“मंग साधं रबर काऊन लावलं? ते तेल पिते अन् फुगते. ऑईल सीलचं रबर पाह्यजे याले.”

त्या रबराचं बूच त्यांनी स्वतः कापलं, भोक पाडलं. नवी नळी फडक्यात धरून, साबणाच्या पाण्यात बुडवून, हळूहळू फिरवत आत सरकवली.

“रबराले ताकद नाही दाखवा लागत. मनवा लागते.”

ते बूच अजून फुगलेलं नाही. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मी मुलांना बाटलीच्या तोंडाचं माप बघून बूच देत आले. आत काय आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं.