कुसुमताई गोंधळल्या नव्हत्या

प्रिय ईरा आणि निषाद,

पुण्याहून निघाले त्या दिवशी मी आपल्या फ्लॅटच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता. गॅस बंद, पाण्याचा कॉक बंद, फ्रिज रिकामा, किल्ली तुमच्या आईकडे. एकेक काम झालं की मी त्यापुढे बरोबरची खूण करत होते. ईरा, तू तेव्हा पहिलीत होतीस. माझा पदर धरून म्हणालीस, "आजी, नको ना जाऊ." मी म्हणाले, "थांब हं, एवढं संपू दे." ते संपलं तेव्हा खाली टॅक्सी हॉर्न देत होती आणि तुझ्या आईने तुला उचलून आत नेलं होतं. निषाद तर झोपलेलाच होता. विमानात बसल्यावर लक्षात आलं की मी कुणालाच जवळ घेतलं नाही. यादी मात्र पूर्ण झाली होती.

आजोबा गेल्यानंतर मी एकटी राहू नये असं तुमच्या मामाला वाटत होतं. म्हणून मी सिंगापूरला त्याच्याकडे आले. माझा पास लाँग टर्म व्हिजिटचा. राहायचं, पण नोकरी करायची नाही. मामा सकाळी रॅफल्स प्लेसला बँकेत जातो, मामी तिच्या ऑफिसला. आठ वाजता दार लागलं की कॉन्डोच्या अकराव्या मजल्यावर मी आणि धुतलेले कप. पुण्यात मी एकतीस वर्षं एका कंपनीच्या डायरेक्टरांची सेक्रेटरी होते. साहेबांच्या नावाने जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र माझं असे. इथे लिफ्टमधली मुलं मला "हॅलो आंटी" म्हणायची, आणि दिवसभरातलं माझं इंग्रजी तेवढ्यावर संपायचं.

मामीनेच मला ऑनलाइन कोर्स शोधून दिला, पब्लिक रिलेशन्सचा. म्हणजे संस्थेने लोकांशी कसं बोलावं, संकट आलं तर काय सांगावं, कसं सांगावं. अडुसष्टाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं म्हणून तुम्ही फोनवर किती हसलात! निषाद म्हणाला, "आजी, होमवर्क नाही केला तर तुला कोण ओरडणार?" मी वह्यांना कव्हरं घातली. तीन रंगांची पेनं आणली. स्क्रीनवर बाकीचे सगळे पंचविशीतले, त्यात माझा पांढरा अंबाडा. मी एकही लेक्चर चुकवलं नाही.

त्याच सुमारास मी गुरुवारच्या गटात जाऊ लागले. हा इथल्या मराठी आयांचा गट आहे. बहुतेक जणी माझ्यासारख्याच, मुलांमागून आलेल्या. कधी कुणाच्या घरी भजन, कधी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा. कुसुमताई तिथेच भेटल्या. सांगलीच्या, बहात्तर वर्षांच्या. मुलगी अनघा नोव्हेनाला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. कुसुमताईंना इंग्रजीचे चार शब्द येतात, पण एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सगळ्या मार्गांचे रंग पाठ. भाजीला एकट्या लिटल इंडियाला जायच्या आणि दमून आलेल्या आम्हाला म्हणायच्या, "तुम्ही शिकलेल्या बायका नुसत्या मॅप बघत बसता. मला बघा, मी विचारत जाते."

गटाची पुलाउ उबीन बेटाची सहल ठरली तेव्हा तिची जबाबदारी मी आपणहून घेतली. चोवीस जणी. तिथे जायला यायला लाकडी मोटारबोट असते. एका बोटीत बारा माणसं, आणि बारा झाल्याशिवाय बोटवाला निघत नाही. यादी मी छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती. परत निघताना धक्क्यावर ऊन फार होतं. मी कुसुमताईंना म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या बोटीत माझ्याबरोबर. तोवर त्या दुकानामागच्या बाकावर बसा. मी हाक मारते. आणि ती पिशवी द्या इकडे, कशाला ओझं?" त्यांनी पिशवी दिली आणि त्या जाऊन बसल्या. त्या कुठे आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तेव्हाच त्यांच्या नावापुढे खूण करून टाकली.

पहिली बोट गेली. दुसरीत आम्ही चढलो. एक सायकलवाला मागून आला आणि रिकाम्या जागी बसला. बोटवाल्याने डोकी मोजली. बारा. यादीवर खुणाही पूर्ण. बोट सुटली.

पलीकडच्या धक्क्यावर उतरले आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीत फोन वाजू लागला. पिशवी माझी नव्हती. फोनवर अनघाचं नाव होतं.

मी तशीच परत फिरले. पुन्हा बारा माणसं जमेपर्यंत थांबायचा धीर नव्हता, म्हणून मी एकटीसाठी अख्खी बोट घेतली. कुसुमताई त्याच बाकावर होत्या. दुकानदारिणीने त्यांना शहाळं दिलं होतं. सव्वा तास झाला होता. मला बघून म्हणाल्या, "आलात? सगळ्या जाताना दिसल्या हो. पण तुम्ही बसा म्हणालात, हाक मारते म्हणालात. मग उठायचं कसं?"

इथपर्यंतची चूक कुणाच्याही हातून झाली असती. पुढचं मात्र मी शांतपणे, टेबलाशी बसून केलं.

दुसऱ्या दिवशी गटाच्या व्हॉट्सॲपवर विचारणा सुरू झाली. नक्की झालं काय? नेमकी त्याच आठवड्यात कोर्सची असाइनमेंट होती. परिचयातल्या एखाद्या अडचणीच्या प्रसंगावर संस्थेतर्फे निवेदन लिहायचं. मी दोन्ही कामं एकदमच केली. पहिल्या मसुद्यात खरं होतं: मी बसायला सांगितलं आणि विसरले. वाचून माझे कान तापले. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका नीट शब्दांत गुंडाळून दिल्या होत्या, स्वतःचीच मला उघडी ठेवता येईना. शेवटी लिहिलं ते असं: "परतीच्या वेळी एक ज्येष्ठ सदस्या थोड्या गोंधळल्या आणि गटापासून वेगळ्या झाल्या. त्या सुखरूप आहेत. यापुढे वयस्कर सदस्यांबरोबर घरातील व्यक्ती असावी, अशी विनंती." मराठीतलं गटात टाकलं, इंग्रजीतलं कॉलेजला पाठवलं. कोर्सने मला खोटं लिहायला शिकवलं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. उलट पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की जे घडलं तेच सांगा. ते वाक्य मी हिरव्या पेनने अधोरेखित केलेलं आहे.

माझे वडील शाळामास्तर होते. आमच्या हातून काही फुटलं की ते एवढंच म्हणत, "आधी चूक सांग. कारण नंतर ऐकतो." त्यांनीच मला पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेत घातलं.

असाइनमेंटला मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. शिक्षिकेने शेरा दिला की सूर संयत आहे आणि कुणालाही न दुखावता माहिती दिली आहे. मी लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही दोघं सोफ्यावर उभे राहून ओरडलात, "आजी टॉपर! आजी टॉपर!" आणि टाळ्या वाजवल्यात. मी त्या घेतल्या. हे पत्र मी मुख्यतः त्यासाठी लिहिते आहे.

पुढच्या दोन गुरुवारी कुसुमताई आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी एकीने सांगितलं, "अहो, अनघाने त्यांचं एकटीने फिरणं बंद केलंय. स्मरणशक्तीची तपासणी केली म्हणे. तुमचा मेसेज वाचून घाबरली ती." चहा माझ्या हातात होता. तो मी प्यायले, कप धुवून जागेवर ठेवला आणि घरी आले. त्यानंतर आणखी पाच दिवस मी गप्प बसले. हेही लिहून ठेवते.

सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अनघाने दार उघडलं. बसायच्या आधीच मी सांगितलं, "अनघा, तुझी आई गोंधळली नव्हती. मी तिला बसायला सांगितलं आणि मीच विसरले. गटात मी खोटं लिहिलं."

तिने खुर्ची ओढून मला बसवलं. मग म्हणाली, "काकू, ती सांगत होती तुम्ही बसवलंत म्हणून, मी तुमच्या मेसेजवर विश्वास ठेवला. डॉक्टरांनी तिला आजचा वार विचारला, पंतप्रधान विचारले. घड्याळ काढायला लावलं. ती माझ्याकडे बघत होती."

कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "सगळं बरोबर सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "वार, महिना, सगळं. पण परत येताना हिने माझा हात धरला, रस्ता ओलांडताना. मी हिला शाळेत नेताना धरायचे तसा." मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं लिहिणं छान असतं म्हणतात. मग आता हेही छान लिहा. गटात. माझं नाव घालून."

मी तिथेच बसून फोनवर लिहिलं: "कुसुमताई गोंधळल्या नव्हत्या. मी त्यांना बसायला सांगून विसरले आणि त्यांच्यावर ढकललं. चूक माझी." त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "पाठवा." कॉलेजच्या शिक्षिकेलाही मी कळवलं. गुण तसेच राहिले, कारण त्यांनी निवेदन तपासलं होतं, मला नव्हे.

त्याने सगळं सरळ झालं असं समजू नका. अनघाने आईच्या फोनमध्ये ती कुठे आहे ते दाखवणारं ॲप घातलं होतं, ते अजून काढलेलं नाही. आई चष्मा शोधू लागली की ती अजून मान वर करून बघते. ती शंका मी घातली, आणि ती मला पुसता येत नाही.

मागच्या गुरुवारी आम्ही आठ जणी बोटॅनिक गार्डनला गेलो. स्टेशनवर कुसुमताईंनी मोजायला सुरुवात केली, प्रत्येकीच्या दंडाला बोट लावून, मोठ्याने. माझ्यापाशी थांबल्या. "आणि ह्या आठव्या. ह्यांच्यावर लक्ष ठेवा गं, ह्या माणसं विसरतात." सगळ्या हसल्या. शेजारच्या रांगेतली दोन अनोळखी माणसंही वळून बघू लागली.

पुण्यात मला कुणी चारचौघांत असं बोललं असतं तर मी त्या घराची पायरी पुन्हा चढले नसते. इथे आल्यापासून मी पाहुण्यासारखी राहत होते. पाहुण्याला सारखं चांगलं दिसावं लागतं, आणि त्या चांगलं दिसण्यापायी मी एका शहाण्या बाईला वेडी ठरवलं. आता या गावात चोवीस घरांना माझं खरं माहीत आहे. तुमच्या घराला आज कळलं, म्हणजे पंचवीस झाली. माझा चेहरा लाल झाला होता, पण मी कुठे गेले नाही. गाडी आली तेव्हा कुसुमताई म्हणाल्या, "चला, चढा आधी तुम्ही." मी चढले.

तुमची,
आजी