सरांची छत्री

शाळेतून रिटायर झाल्यापासून आमच्या यायले, म्हंजे वामनराव सरायले, एकच याड लागलं हाय. दर रविवारी चार-पाच घरचे लोक गोळा करायचे अन् नदीच्या काठाकाठानं बाळापूरच्या जुन्या दगडी छत्रीपर्यंत, म्हंजे त्या खांब-कमानीच्या मंडपापर्यंत, पायी न्यायचे. "सगळे या, लहान लेकरायले बी जमते!" असं गावभर सांगत फिरतात. वरून आवतन देतात, "वापस आल्यावर नदीवर रोडगे खाऊ."

अन् ते रोडगे कोन करते? मी! कणीक मीच मळायची, गवऱ्या मीच पेटवायच्या, धूर बी मीच खायचा. लोक वापस येतात, छत्रीची तारीफ करतात अन् जेवाले बसतात. या सत्यवतीनं, म्हंजे मी, छत्री पाह्यली का, हे कोनी विचारत नाही. "मले बी न्या," म्हटलं की यायचं उत्तर ठरलेलं, "मंग रोडग्यायजवळ कोन बसन?"

मागच्या रविवारी माह्यं डोकंच सटकलं. चिमटा यायच्या हातात देल्ला, "आज तुमी बसा," म्हटलं, अन् पदर खोचून सगळ्यायच्या पुढं निंगाली.

छत्रीत पोचली. कमानीतून गार वारा येत होता, खाली नदी दिसत होती. खांबाले पाठ टेकून बसत नाही तं फोन वाजला.

"अवं, रोडगे जळून राह्यले! आता काय करू?"

"घाबरू नका जी," म्हटलं. "लहान लेकरायले बी जमते."