गर्दीतला ठिपका
व्हिनेगरची बाटली उघडली की मला आमचं कंधारचं न्हाणीघर आठवतं. खिडकीला घोंगडी लावून माझे यजमान तिथे लाल दिव्यात फोटो छापायचे, आणि फोटो धुवायच्या औषधांना असाच आंबट वास यायचा. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. त्या सोहळ्याच्या गर्दीचा त्यांनी काढलेला फोटो बघताना सासूबाई एका ठिपक्याएवढ्या माणसावर थबकल्या. "ह्यो माझा भाऊ दिसून राहिला. मागच्या दुष्काळात घर सोडलं, तवापासून पत्ता न्हाई. मोठा करून दाव." यजमान म्हणाले, "आई, फोटो धुवायला पाणी लई लागतं." त्याही साली पाऊस नव्हता. टँकरच्या पाण्याला कुणाला हात लावू न देणाऱ्या सासूबाईंनी पिण्याची घागरच आणून ठेवली. मग आम्ही तिघं दार लावून बसलो. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी टोपी उमटली, मग कान, मग दाढी. चेहरा मात्र नुसता रवाळ झाला होता. मला काहीच ओळखू येईना. सासूबाई वाकून बघत राहिल्या. "हाव, त्योच. मान अशीच वाकडी धरतो." दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन आम्ही एसटीने लातूरला गेलो. दिसेल त्याला तो दाखवत फिरलो. शेवटी अडत बाजारातल्या एका चहावाल्याने फोटोतली वाकडी मान ओळखली आणि पोती उचलणाऱ्या एका हमालाला हाक मारली. सासूबाईंनी त्याला मिठीच मारली. रडणं ओसरल्यावर मामा फोटो निरखत म्हणाले, "अक्का, माझी दाढी इतकी पिकली व्हय?" आता नातू मोबाईलवर दोन बोटांनी फोटो मोठा करू लागला, की मी त्याच्या खांद्यावरून हळूच डोकावते. मागच्या गर्दीत कोण कोण आहे, ते बघायला.