यशूच्या घड्याळाचं सिम

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले तातेराव एक आठवडाभर मनगटावर गुलाबी घड्याळ बांधून काचीगुड्यात फिरले. घड्याळ नातीचं, यशोधराचं होतं. घरात तिला यशू म्हणत. नारायणगुड्याच्या शाळेत दुसरीला होती ती. पट्ट्यावर सशांची चित्रं होती आणि तातेरावांच्या जाड मनगटावर तो पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला होता. गल्लीतल्या लोकांनी हसून घेतलं. तातेरावांनी हसू दिलं.

घड्याळ घरात आलं ते शाळेच्या ऑटोमुळे. एका दुपारी मिरवणुकीने रस्ता बंद झाला म्हणून ड्रायव्हर भलत्याच वाटेने गेला, तिथे ऑटो पंक्चर झाला आणि त्याच्या फोनची बॅटरीही संपली. तासभर यशू कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तातेराव चौकात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक ऑटोत वाकून बघत होते. पोरगी आली ती ड्रायव्हरने घेऊन दिलेला बिस्किटांचा पुडा खात, मजेत. तातेरावांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यांचा मुलगा संघपाल नोकरीला विशाखापट्टणमला. त्याने तिकडूनच हे घड्याळ पाठवलं. त्यातून फोन करता येतो आणि पोरगी कुठे आहे ते आईच्या मोबाइलवर नकाशात दिसतं. वर्गात आवाज बंद ठेवायच्या बोलीवर शाळेनेही होकार दिला.

राहिलं होतं सिम. सून रेणुका विमा ऑफिसात कामाला. सुट्टीच्या दिवशी ती सासऱ्यांना घेऊन चिक्कडपल्लीत श्रीकांतच्या मोबाइलच्या दुकानात गेली. तातेरावांनी खुर्चीवर बसायच्या आत सांगून टाकलं की सगळ्यात मोठा प्लॅन द्या, रोज भरपूर नेट असलेला, मध्येच संपायला नको.

श्रीकांत हसला. "बाबा, बच्ची घडी में पिक्चर देखती क्या? लोकेशन को नेट जरासाच लगता."

त्याने समजावून सांगितलं. एक छोटा प्लॅन होता, नेट थोडकं पण बोलणं कितीही आणि मुदत लांबची. म्हणजे रिचार्ज सारखा करायला नको आणि घड्याळ मध्येच बंद पडायची भीती नाही. रेणुकाला तोच पटला. तातेराव ऐकेनात. शेवटी श्रीकांतनेच तोड काढली. बाबांचं सिम काढून घड्याळात घालायचं, थोडे दिवस बाबांनीच ते बांधायचं आणि दिवसाला नेट किती जातं ते बघून ठरवायचं.

अशी घड्याळाची परीक्षा सुरू झाली. तातेरावांचा मोबाइल फडताळात मुका पडला आणि त्यांचे सगळे फोन मनगटावर यायला लागले. एकदा भर बसमध्ये मुदखेडच्या जुन्या दोस्ताचा, दत्तोबांचा, "जय भीम, तातेराव" घड्याळातून एवढ्या मोठ्याने निघाला, की पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून जय भीम घातला. यशू रोज संध्याकाळी आबांच्या मांडीवर बसून घड्याळ तपासायची आणि चार्जिंगला लावायची.

तातेराव दुपारी जेवले की चिक्कडपल्लीच्या वाचनालयात पेपर वाचायला जातो म्हणून निघत. बायको चतुराबाईंना तेच ठाऊक होतं, रेणुकालाही. बुधवारी ऑफिसात जरा उसंत मिळाली तेव्हा रेणुकाने नेट बघायला म्हणून मोबाइल उघडला. नकाशावरचा ठिपका चिक्कडपल्लीत नव्हता. तो नारायणगुड्यात होता, शाळेच्या फाटकासमोर. तिला वाटलं, नकाशा चुकत असेल. गुरुवारी पाहिलं, तर ठिपका तिथेच. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.

तिने सासऱ्यांना घड्याळावर फोन लावला.

"मामा, वाचनालय नारायणगुड्याला आलं का?"

तातेराव चहाच्या टपरीपाशी बाकड्यावर बसले होते. ते म्हणाले, "ऑटो नीट निघतो का नाही, तेवढं बघतो बाई. पोरगी बसली की मी मागून बसने येतो."

"रोज?"

"त्या दिवसापासून. तुझ्या सासूला नको सांगू. गुडघे दुखतात म्हणून जाऊ द्यायची नाही."

उन्हात बसलेला सासरा रेणुकाला डोळ्यांपुढे दिसत होता. मग तिनेही सांगून टाकलं. त्या दिवसापासून रोज शाळा सुटायच्या वेळेला तिचं कामात मन लागत नाही. चुकीच्या फायलीवर सही होता होता राहिली होती. ते कुणाला सांगितलं नाही, कारण घरात सगळे आधीच घाबरलेले.

"मग आपण दोघंही सारखेच," तातेराव म्हणाले.

संध्याकाळी हिशेब बघितला तर नेट खरंच नावाला गेलं होतं. तरी तातेरावांचं मन मोठ्या प्लॅनकडेच ओढत होतं. रेणुका वाद न घालता यशूलाच म्हणाली, तूच सांग, तुला कुठला पाहिजे. यशूने फक्त एक विचारलं, "कौनसेवाल्यात मी आबाला कितीबी फोन करू शकते?"

छोट्या प्लॅनमध्येही कितीही करता येतात, असं रेणुकाने सांगितलं.

"मग तोच. बडा नक्को."

तातेरावांचा विरोध तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी रेणुकाने स्वतःच्या नावावर नवं सिम घेतलं, छोट्या प्लॅनचं. घड्याळात यशूने पहिला नंबर आबांचा टाकायला लावला, दुसरा आईचा. विशाखापट्टणमच्या बापाला तिसरा मिळाला, त्यावर तो फोनवर जरा रुसलाही.

रेणुकाने आणखी एक केलं. मामांचं गुपित चतुराबाईंना न सांगता ऑटोवाल्याला शनिवारचा निरोप दिला, शनिवारी पोरीला तिचे आबा आणतील. बाकीचे दिवस मामांनी घरी पंख्याखाली बसायचं आणि ऑटोत बसली की यशूने त्यांना फोन करायचा, असं सासरा-सुनेचं ठरलं. चतुराबाईंनी गुडघ्यांवरून कुरकुर केली, पण शनिवारी नवऱ्याच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन केळी त्यांनीच घातली.

पहिल्या शनिवारी दोघं सिटी बसमध्ये बसले. यशू खिडकीशी, तातेराव कडेला. बस सुटताच तिने आईला फोन लावला आणि आम्ही बसलो, मला खिडकी मिळाली, आबांनी केळं खाल्लं, अशी सगळी खबर दिली. मग मनगट आजोबांच्या तोंडाशी नेलं.

"आबा, बोला."

"काही नाही बाई," तातेराव घड्याळात म्हणाले, "येतोच आहोत आम्ही."