रावेरच्या केळीच्या ऑफिसात इंग्लंडचा फोन

शिरपूरहून चोपड्याच्या सकाळच्या गाडीने मी एकटीच निघणार होते. निदान आदल्या संध्याकाळपर्यंत तसंच ठरलं होतं. पहाटे उठून पाहते तर सासूबाई नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसलेल्या.

"आक्का, तुम्ही कुठे?"

"तू जठे जाशी तठे," त्या म्हणाल्या. "माले बी तो फोन ऐकना शे."

आमच्या घरात सासूबाईंना सगळे आक्का म्हणत. त्या बोलत अहिराणी, मी माहेरची रावेरकडची, आणि यजमान शाळामास्तर असल्यामुळे पुस्तकी बोलत. तिघांचं तीन तऱ्हांचं चालायचं, पण अडत नसे.

हा फोन काय होता ते सांगते. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी शिरपूरला एका दवाखान्यात स्टाफ नर्स होते आणि दोन वर्षांपासून इंग्लंडला जायच्या खटपटीत होते. तिथल्या नर्सिंगच्या मंडळाने माझे प्रशिक्षणाचे कागद तपासले आणि कळवलं, की तुमचं शिक्षण ठीक आहे, पण लगेच नोंदणी मिळणार नाही. आधी आमच्या एखाद्या हॉस्पिटलात काही महिने देखरेखीखाली काम करा, तिथल्या मेट्रनने चांगला शेरा दिला तर नोंदणी, आणि मग पक्की नोकरी. हॉस्पिटलने घेतो म्हटल्याशिवाय व्हिसा नाही. शेवटी एक हॉस्पिटल तयार झालं. त्यांची मेट्रन माझी मुलाखत फोनवर घेणार होती.

आमच्या घरी फोन नव्हता. दवाखान्यातला फोन साहेबांच्या खोलीत, आणि साहेबांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. म्हणून अर्जावर मी रावेरचा नंबर टाकला होता. माझा मोठा भाऊ तिथे एका केळीच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होता. त्या ऑफिसातला फोन आमच्या सगळ्या नात्यागोत्यात एकुलता एक. बाळंतपणं, मयती, लग्नाच्या तारखा, सगळं त्याच फोनवर यायचं. आता त्यात इंग्लंडची भर.

आक्का या दोन वर्षांत माझ्या जाण्याबद्दल हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही. परदेशी पाकीट आलं की दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे ठेवायच्या. एकदाच विचारलं होतं, "तठे भाकर भेटस का?" मी नाही म्हटलं, तशा त्या भाकरी थापायला बसल्या. त्यामुळे त्या आता बरोबर येताहेत त्या मला धीर द्यायला की फोनची वायर तोडायला, याचा मला पत्ता नव्हता. यजमान आमच्या चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन स्टँडवर आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आईला का नेतेस?" मी म्हटलं, "मी कुठे नेतेय? त्याच मला नेताहेत."

गाडी सुटली. थंडीचे दिवस होते. डाव्या हाताला सातपुडा निळसर दिसत होता आणि रस्त्याने कापसाच्या गाड्या इतक्या फुगलेल्या, की बैल दिसतच नव्हते. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोकत होते. तेवढ्यात कंडक्टर आला. कुठवर, कशाला, असं त्याने सहज विचारलं आणि आक्का सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा बोलल्या, "मनी वऊले (सुनेला) उद्या इंग्लंडना फोन येनार शे!"

झालं. गाडीतले सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. कोणी म्हणालं, विलायतेत फार थंडी, दोन गोधड्या ठेवा. मागून एक आजोबा ओरडले, "पोरी, जोरमां बोलजो बरं! दूर शे ते!"

अनेर नदी ओलांडली आणि गाडीचं मागचं चाक बसलं. सगळे खाली उतरलो. ड्रायव्हर जॅक लावत असताना एक निवृत्त गुरुजी माझ्यापाशी आले. डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. "मुलाखत आहे ना? मग सराव करू या," म्हणाले आणि बाभळीच्या सावलीत मला उभं करून विचारलं, "व्हॉट इज युवर फादर?"

"ही इज नो मोअर, सर."

"पूर्ण वाक्यात सांगा."

वडील गेल्याचं पूर्ण वाक्यात सांगितलं. मग त्यांनी कापसावर निबंध बोलायला लावला. प्रवासी गोल करून ऐकत होते. माझं अडलं की आक्का मान खाली घालायच्या आणि सुटलं की भोवताली बघायच्या, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. चाक बसवून झाल्यावर गुरुजींनी निकाल जाहीर केला: "व्याकरण कच्चं आहे, पण घाबरत नाही." घाबरत नव्हते कारण ते गुरुजी होते. मेट्रनची गोष्ट वेगळी.

चोपड्याला गाडी बदलली, यावलला पुन्हा बदलली. यावलच्या स्टँडवर आक्कांना चहा दिला तर त्यांनी बशीत ओतून आधी मला प्यायला लावला. फैजपूर, सावदा मागे पडलं तसा रस्त्याचा रंगच बदलला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, इतक्या दाट की आत दुपारीही अंधार वाटावा. ट्रॅक्टर घड भरून येत होते आणि रस्त्यावर पानांचा चिखल पडलेला. आमच्या शिरपूरकडचा कापूस पाहून डोळे दिपतात, इथे थंड होतात. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतली केळं खातस तरी कोन?"

संध्याकाळी भावाच्या घरी पोचलो. "जयभीम आक्का," म्हणत वहिनी पुढे आल्या. जेवायला कपाशीच्या वाळक्या काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या) भाकरी. भरीत मुसळीने ठेचलेलं, वर कांद्याची पात. आक्कांनी दुसरी भाकरी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे आठेच भेटस." मी तो टोमणा भाकरीबरोबर गिळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ऑफिसात जाऊन बसलो. मालकांना सगळे नाना म्हणत. धोतर, पांढरा सदरा, टोपी, आणि समोर काळा फोन. मागच्या अंगणात हमाल खांद्यावर केळीच्या वाळलेल्या पानांची चुंबळ ठेवून घड ट्रकमध्ये भरत होते.

"आमच्या फोनवर इंग्लंड?" नाना म्हणाले. "बापा! कालदिस त आमच्यानं दिल्लीबी लागली नाही." पण ते खूश होते. त्यांनी स्वतःच्या हाताने फोन पुसला आणि मला आपल्या गादीवर बसवलं. फक्त एक सूचना दिली, "पोरी, तुह्या मॅडमले सांग, थोडं लवकर आटपा. दिल्लीचा फोन यायचा हाये."

फोन वाजला. मी उचलला आणि आठवडाभर पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं, "गुड आफ्टरनून, धिस इज स्टाफ नर्स विमल स्पीकिंग."

पलीकडून एक घोगरा आवाज, "नर्स? क्यों, नाना को क्या हो गया?"

ते दिल्लीचे व्यापारी होते. नाना धडधाकट आहेत हे त्यांना पटवायला नानांना स्वतः बोलावं लागलं. व्यापारी इतके घाबरले होते की केळीच्या दराची घासाघीसही न करता गाड्यांचा सौदा मान्य करून मोकळे झाले. नाना फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू रोज येत जाय."

पुन्हा घंटी वाजली. या वेळी खबरदारी म्हणून नानांनीच उचलला आणि गरजले, "हां, बोलो! भाव वही है, एक पैसा कम नहीं होगा!" मग त्यांचा चेहरा बदलला. ते उठून उभे राहिले, टोपी काढली आणि दोन्ही हातांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "आली. बाई हाये."

"व्हायमल?" फोनमधून आवाज आला.

ही कोण, असं मला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं की मीच. "येस, मॅडम. व्हायमल."

लाइन अशी होती, की मी बोललेलं प्रत्येक वाक्य थोड्या वेळाने मलाच परत ऐकू येई. माझं इंग्रजी मला दोनदा सोसावं लागत होतं. मेट्रनने आधी शिक्षणाचं विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, रोग्याने औषध घ्यायला नकार दिला तर काय कराल? पुस्तकातलं उत्तर आठवेना. मी म्हटलं, आधी त्याच्याजवळ बसेन आणि विचारेन, का नको?

इतक्यात मागे ट्रकवाल्याने भोंगा दाबला आणि दाबूनच ठेवला.

"व्हॉट इज दॅट?" मेट्रन दचकली. "तुम्ही रस्त्यावर आहात का?"

"नो मॅडम. आय ॲम इन बनाना."

आणि मग माझंच "इन बनाना" परत माझ्या कानावर आलं. मी घाईने "बनाना ऑफिस, बनाना ऑफिस" केलं. तोवर माझ्या कपाळावर घाम, नाना तोंडावर उपरणं धरून बसलेले, भाऊ भिंतीकडे बघतोय. भोंगा चालूच. आणि आक्का जागेवर नाहीत.

त्या मागच्या दारातून बाहेर गेल्या होत्या. खिडकीतून मला दिसत होतं. ट्रकच्या तोंडासमोर उभ्या राहून त्यांनी हात वर केला होता. "ओ भाऊ! भोंगा बंद कर! आठे मनी वऊनी परीक्षा चालू शे!" तो ड्रायव्हर पंजाबचा. त्याला अहिराणीतला एक शब्द कळला नसेल, पण हात कळला. भोंगा थांबला. हमालही घड खांद्यावर घेऊन जागच्या जागी थबकले.

मेट्रन म्हणाली, "आमच्या वॉर्डात सगळे म्हातारे आहेत. हट्टी असतात, चिडतात. तुम्हाला जमेल?"

मी म्हटलं, "मॅडम, माय मदर-इन-लॉ इज हिअर ओन्ली. शॅल आय कॉल हर?"

ती हसली. मोकळी, मोठ्याने. "इज शी व्हेरी डिफिकल्ट?"

"व्हेरी," मी म्हटलं. ते "व्हेरी" फिरून माझ्या कानावर आलं तेव्हा मला ते बरं वाटलं नाही. मी खिडकीतून बघतच पुढे म्हटलं, "पण आत्ता त्या ट्रकसमोर उभ्या आहेत. मला तुमचं बोलणं ऐकू यावं म्हणून."

मग मेट्रनने शेवटचं विचारलं. तुम्हाला लहान मुलगी आहे, तुम्ही इकडे आल्यावर ती कोणाजवळ राहील?

दोन वर्षं मी सगळीकडे अर्ज केले होते, घरात हा प्रश्न एकदाही काढला नव्हता. "फॅमिली," एवढंच म्हणाले. तिने "आय सी" म्हटलं, आभार मानले आणि लाइन बंद झाली.

आक्का पदराने तोंड पुसत आत आल्या. "मनाबद्दल काय बोलनी तू? माले दखी दखी बोली ऱ्हायंती." माझ्याकडे बघत बोलत होतीस, असं त्यांचं म्हणणं; म्हणजे त्यांनी बाहेरूनही लक्ष ठेवलं होतं. नानांना "मदर-इन-लॉ" कळलं होतं. ते काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "मॅडम तुमची चौकशी करत होती." नानांनी पुन्हा उपरणं तोंडाशी नेलं.

परतीच्या दिवशी नानांनी ऑफिसात खायला पिकवून ठेवलेला एक अख्खा घड दिला. यावलच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, घडाचं सामानाचं तिकीट लागेल. आक्कांनी घड उचलून मांडीवर घेतला, पदर पांघरला आणि विचारलं, "आते?" मांडीवरच्या पोराचं तिकीट नसतं, हे कंडक्टरलाही मान्य करावं लागलं. चोपड्यापर्यंत निम्मी गाडी केळी खात होती, कंडक्टरसकट. मी मात्र बाहेर बघत होते. मेट्रनचं "आय सी" डोक्यातून जात नव्हतं. ती हो म्हणाली, तरी घरात कोणाला काय विचारायचं आणि कोणत्या तोंडाने? बाजूला आक्का डुलक्या घेत होत्या.

पुढचं थोडक्यात सांगते. महिन्याभराने हॉस्पिटलचं पत्र आलं, त्यांनी मला घेतलं होतं. व्हिसाला आणखी काही महिने आणि मुंबईच्या फेऱ्या लागल्या. गेले, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काम केलं, नोंदणी मिळवली, दोन वर्षं राहून परत आले. विमानाबद्दल, बर्फाबद्दल लोक विचारतात, ते सांगतेही. पण माझं जाणं पक्कं झालं ते पत्राने नव्हे. ते मला रावेरहून परतल्या संध्याकाळीच कळलं होतं.

त्या संध्याकाळी आक्का ओट्यावर बसून गल्लीतल्या बायांना उरलेली केळी वाटत होत्या. मी आत चहा करत होते. बाहेर मुलाखत चालू होती, म्हणजे आक्कांच्या तोंडून. त्यांच्या मुलाखतीत मी एकदाही अडखळले नव्हते, ट्रक तीन झाले होते आणि मडमने त्यांना स्वतःला दवाखाना बघायला बोलावलं होतं.

"मनी वऊनी बठ्ठं (सगळं) बराबर सांगं," त्या म्हणाल्या. "ती जाई आते."

मी चहा घेऊन दारापर्यंत आले होते. तिथेच थांबले.

"आनि पोर?" शेजारणीने विचारलं. "इतलीशी पोर कोनाजोडे ऱ्हाई?"

"कोनाजोडे म्हंजे?" आक्कांचा आवाज चढला. "मी काय मरी गऊ का?"

बाया हसल्या. आक्कांनी मागे वळून पाहिलं आणि जागा करून देत म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायनी? बस. तो चहा थंडा व्हई ऱ्हायना."