डाव्या बरगडीखालचं ठाणं

अंगात येणं, करणी, भानामती... असल्या गोष्टींवर माझा कवडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. तेव्हा खाली कमेंटमध्ये मला देवीच्या शक्तीवर प्रवचन देऊ नका, हात जोडते.

औंधजवळचं आमचं गाव. वडील वारल्यापासून आई काकूजवळ राहायची. मी लग्न होऊन सांगलीला. मागच्या वर्षी आईला काहीतरी व्हायला लागलं — केर काढायला वाकली की छाती धडधडायची, तोंड पांढराफटक, अंग घामानं चिंब, हात थडथड उडायचे. थोड्या वेळानं पुन्हा ठीक. काकूनं लगेच जाहीर केलं, यमाई अंगात येते! झालं... बाया नारळ घेऊन दारात.

एका मंगळवारी मी नेमकी तिथं होते. आई देवापुढं वाकली आणि थरथरायला लागली. काकूनं मळवट भरून विचारलं, "आई, कुठं बसलीयास?"

आईनं डाव्या बरगडीखाली, पाठीकडं बोट रोवलं. "हितं. गाठ हाय. काढून टाका."

आवाज आईचाच... पण जन्मात तिनं कुणाला असा हुकूम सोडला नव्हता.

आणि काकूनं काय करावं? त्या जागेला कुंकू फासलं, 'देवीचं ठाणं' म्हणाली आणि अंगठ्यानं दाबलं. दाबलं की आई आणखी थडथडायची, की बाया हात जोडायच्या! माझं टाळकंच सरकलं.

"काकू, हात काढ! मरंल ती!"

"तू गप गं! चार बुकं शिकलीस म्हणून देवीला शिकवतीस व्हय?"

मी तिचा हात हिसडला आणि आईला तशीच गाडीत घातली.

सांगलीत तपासायच्या टेबलावर चढताना आईला पुन्हा झटका आला. डॉक्टरांनी तेव्हाच बीपी बघितलं आणि थेट स्कॅनला पाठवलं. डाव्या किडनीवरच्या ग्रंथीत गाठ. ती रक्तात असं काही सोडते की धडधड छातीत, घाम अंगभर, कंप हातात... आणि मूळ भलतीकडंच. वाकलं, दाबलं की जास्तच सुटतं. "असंच दाबत राहिले असते तर या इथवर आल्या नसत्या," डॉक्टर म्हणाले. त्यानंतर काकूला मी फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ऑपरेशन झालं, आई ठणठणीत आहे. माझ्याकडंच असते. गावात मात्र काकू सांगत सुटलीय, "पोरीनं देवी कापून काढली." मेलीला लाज नाही!

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. डॉक्टर म्हणाले, आईची ती गाठ दुखत नव्हती, हाताला लागण्यासारखीही नव्हती. मग तिला कळलं कसं? परवा आई भाकरी थापत होती, तेव्हा विचारलंच.

"मी कुठं बोलले?" ती म्हणाली. "माझा तर दम कोंडला हुता गं. तुमच्यासारखीच मी बी ऐकत हुते."

डॉक्टरांकडं याचं उत्तर नाही. माझ्याकडं नाही. काकूकडं आहे... पण तिला विचारायला माझी जीभ रेटत नाही.